परडी घेऊन आई

१२ जाने., सोम.
मांद्र्याच्या गेस्टहाऊसमधल्या कामावरून सुटले, बसमधून उतरले तर स्टॉपवरच्या फळ्यापाशी ही गर्दी! जत्रेची सूचना असते तिथे आईने खडूने लिहिलंय: "आम्ही विणलेली परडी देवाजवळ जाते. आम्ही दीपस्तंभाच्या बाहेर का?" खाली सही, सुमती. माझी आई! वाड्याच्या मीटिंगला तोंड न उघडणारी. आमच्या वाड्याने देवळासमोरच्या दीपस्तंभापुढे जायचं नाही, परडी त्या खांबाकडेच ठेवायची, हे वर्षानुवर्षं चालत आलेलं.

१३, मंगळ.
कोणीतरी पुसलं. चहा-पाव खाऊन आई गेली, तेच पुन्हा लिहून आली.
"गो आई, भांडण जातला."
"जांव दी."
होऊ दे म्हणे! हिला भीती वाटतच नाही की काय!

१५, गुरु.
देवस्थानचे अध्यक्ष, भाई, आले. अंगणातच उभे, अर्थात. "सुमती, ता पूस. परडी तुमच्याच वाड्याची लागता देवाक. तुमचो मान तो."
आई बांबू सोलत होती. "परडी करतंय भाई. पण औंदा खांबाकडे ठेवचंय नाय. मीच भितर घेऊन येतलंय."
भाई लालबुंद. मग सावंतवाडीहून विकत आणू म्हणाले. परडीवर पाणी शिंपडून शुद्ध करतात. माणसावर कसलं शिंपडणार होते, विचारायला हवं होतं. तेव्हा सुचलंच नाही.

१७, शनि.
परडी झाली. इतकी बारीक वीण! नुसती बघत बसले. बाबांचं एकच: "मान गेलो तर वाडो तुकाच बोलतलो."
"खांबाभायलो मान तो. गेलो तर जांव दी."
 

१९, सोम. जत्रा.
आई नवं लुगडं नेसली. मी मागून. दीपस्तंभापाशी वाड्यातले सगळे थांबले, सवयीने. आई थांबलीच नाही. देवा रे, काय चालली ती!
देवळाच्या पायरीवर भाई आडवे आले. "हांगाच दी."
"दिवचंय नाय. माका भितर येवंक दी."
सावंतवाडीची परडी भटजींनी बाजूला ठेवली म्हणे, आमच्याच वाड्याची हवी म्हणून. आतून हाका मारतायत, "परडी खंय? पूजा रवली!" आईने पायरीवरच बसकण मारली, परडी मांडीत घट्ट. हात लावायची कोणाची छाती नाही.
दुपार टळली. भाई आत-बाहेर करतायत. आईच्या मागे बसून हे लिहितेय. आत्ता मान वळवली तर दीपस्तंभ आमच्या मागे, बराच मागे. मीही आत आलेय. कधी आले, कळलंच नाही.