हँडलवरचा रॉड

२२ मार्च, शनिवार
पाडव्याच्या स्कूटर रॅलीत यंदा पहिला नंबर माझा. गेल्या वर्षी समोरच्या चाळीतला धनेश पुढे होता. का? तर स्कूटरला झेंडा होता. बाकी कर्तृत्व शून्य. मंडळाचे अध्यक्ष कुशाबा म्हणाले, ज्याची गाडी जास्त नटलेली, तो पुढे. ठरलं. हँडलवर आडवा रॉड बसवणार. त्यावर झेंडा, मोबाईल होल्डर, फॉग लाइट आणि डाव्या टोकाला स्पीकर.

२४ मार्च
परळचा मेकॅनिक म्हणे रॉड हँडलच्या पुढे लावू. मला शिकवतो! मी माझ्या बाजूला लावून घेतला. मोबाईल जवळ हवा. (चष्मा लागलेला नाही.) मेकॅनिक धनेशचा माणूस असणार.

२५ मार्च
उजवीकडे झकास वळते. डावीकडे वळवली की स्पीकर पोटात रुततो. अक्षदा म्हणाली, रॉड काढा नाहीतर पोट. ही बायको माझी की धनेशची बहीण? पोटाचा संबंधच नाही. सीट पुढे आहे. कंपनीची चूक.

२६ मार्च
आजपासून रात्रीचं जेवण बंद.
संध्याकाळी : अक्षदाने मुद्दाम सुरमई तळली. अन्नाचा अपमान आपल्यात करत नाहीत.

२७ मार्च
दादरला जाऊन आलो. फक्त उजवीकडे वळत. एरवी पंधरा मिनिटं, आज पावणेदोन तास. वाटेत पार रे रोड स्टेशनही लागलं. डावीकडे वळायची लोकांना उगाच सवय लागलीय.

२९ मार्च
कुशाबांनी गाडी पाहिली. पहिला नंबर माझा! धनेश म्हणाला, जरा वळवून दाखव. जळतोय मेला. मी ऐटीत उजवीकडे वळवून दाखवली. अक्षदा काहीतरी बोलणार होती, मी डोळे वटारले.

३० मार्च, पाडवा, दुपारी २
सगळ्यांत पुढे मी, मागच्या सीटवर नऊवारीत अक्षदा. त्यामागे चाळीस स्कूटर, मग ढोल-ताशा. पहिल्याच नाक्यावर डावं वळण. श्वास आत घेतला. गाडी अर्धीच वळली. सगळी रॅली तुंबली. कुशाबा ओरडले, वळ की मेल्या! मी सुचवलं, रॅली सरळ नेऊ. कोणी ऐकलं नाही.
अक्षदाने मला उतरवलं आणि स्वतः पुढे बसली. स्पीकर तिच्यापासून चांगला वीतभर लांब. सफाईने डावीकडे वळली. टाळ्या पडल्या. माझ्या झेंड्यासकट पहिल्या नंबरवर निघून गेली.
मी रस्त्यात उभा. ढोलवाले अंगावर येत होते. धनेशने गाडी थांबवली, मागे बसायला सांगितलं. बसलो.
थोडं पुढे गेल्यावर म्हणाला, जरा मागे सरक, पोट लागतंय.
सरकलो.