मापांच्या वहीत किलवर सत्ती

२ मार्च, सोमवार. सकाळी ११.
शोध लागला! ऑनलाइन पोकरमध्ये बदाम राणी आणि चौकट राणी एकाच डावात आल्या, की पुढच्या डावात किलवर सत्ती येतेच. काल चार वेळा आली. तीन वेळा नाही आली, पण तेव्हा दुकानात गिऱ्हाईक होतं, माझं लक्ष नव्हतं. आजपासून प्रत्येक डाव लिहायचा. हाताशी मापांची वही होती, तीच घेतली.

दुपारी ३.
जागा वाचवायला हातातले दोन पत्ते जोडून लिहितो. तिर्री-सत्ती म्हणजे ३७. शिंप्याचं डोकं आहे, काही वाया जात नाही.

४ मार्च, बुधवार.
लेकीला इंटरव्ह्यूचं बोलावणं आलं. सोळा तारखेला. बाबांनी शिवलेलाच कोट घालणार म्हणाली. ऊर भरून आला. लगेच माप घेतलं. राण्यांचं पान उघडं होतं, त्यावरच लिहिलं. कोट म्हणजे दोन दिवसांचं काम. तोवर सत्तीचा छडा लावतो.

९ मार्च, सोमवार.
बायकोने विचारलं, कापड बेतलं का. म्हटलं, डोक्यात बेतलंय. मग पोरीला तुमचं डोकं घालून पाठवू का, म्हणाली. तिला यातलं कळत नाही. आठवडाभर सत्ती नाही. म्हणजे तुंबलीय. एकदम येणार.

१२ मार्च, गुरुवार.
दोन्ही राण्या आल्या. होतं नव्हतं ते लावलं, अस्तराचे पैसेसुद्धा. इस्पिक सत्ती आली. किलवर नाही, पण काळी तर होती! जवळ आलोय.
निश्चय: कोट होईपर्यंत फोन गल्ल्यात, कुलूप लावून.

तासाभराने.
फोन नीट ठेवलाय ना, हे बघायला गल्ला उघडला.

१४ मार्च, शनिवार.
बसलो एकदाचा. पान उघडलं, कापड बेतलं, कात्री चालवली. हात अजून शाबूत आहे. अस्तर नाही, पण बिनअस्तराचा कोट हलका पडतो. मध्ये फक्त सहा डाव. तेही फुकटच्या टेबलावर, अभ्यास म्हणून.

१५ मार्च, रविवार.
कोट छातीत आवळला. बाह्या बोटांच्या खाली. बाबा, हे माझं माप नाही, म्हणाली. वही पाहिली. बाहीला दुर्री-सत्ती कापली होती. बायकोने कोट घडी घालून ठेवून दिला. ओरडली असती तर बरं वाटलं असतं. कापड उरलेलं नाही.

१६ मार्च, सोमवार.
लेक शेजारणीचा कोट घालून गेली. खांदे लोंबत होते. मी दारातून हात केला. तिने पाहिलं नसावं.

२३ मार्च, सोमवार.
नोकरी लागली! दुसऱ्या गावात. शेवटी माणूस बघतात, कोट नाही. बायको सोबत जातेय. पोरीचं बस्तान बसेपर्यंत, म्हणाली. किती दिवस, ते बोलली नाही. बॅगांमध्ये काय काय भरलं कोण जाणे. माझा डाव चालू होता.

३० मार्च, सोमवार.
लेकीचा फोन. ऑनलाइन कोट मागवतेय, माझं माप सांगा. म्हटलं, मी शिवतो की. नको बाबा, म्हणाली.
वही उघडली. ३६, ३२, ३८, ३४. यातलं पोरीचं कुठलं आणि पत्त्यांचं कुठलं, कळेना. लहान होती तेव्हा ती दारातून आत आली की नुसत्या नजरेनं माप सांगायचो. आता डोळ्यांसमोर आणायला गेलो तर शेजारणीचा कोटच दिसतो. म्हटलं, थांब, बघून सांगतो. राहू द्या, म्हणाली, आई मोजतेय.
म्हणजे टेपही तिनेच नेली. आठवडाभर मला लागलीच नाही, म्हणून कळलं नाही.