मुळांवरचं पांघरूण

लातूर

प्रिय विशाखा,
सप्रेम जय भीम.

फोनच्या जमान्यात सासूचं पत्र आलं म्हणजे सासऱ्यांना काही झालं, असंच तुला वाटलं असेल. म्हणून आधीच सांगते, मामा बरे आहेत. वॉकर धरून व्हरांड्यापर्यंत येतात आणि चहात साखर कमी पडली तर अजूनही ओरडतात. मी फोनच केला असता, पण आमच्या घरात फोन एकच, तो त्यांच्या उशाशी असतो, आणि ऐकू कमी येतं म्हणून सदा स्पीकरवर. मला जे सांगायचंय ते स्पीकरवर सांगण्यासारखं नाही. पत्र तुझ्या शाळेच्या पत्त्यावर टाकते आहे. तुझ्या भावाच्या हाती पडायला नको.

एक गोष्ट आम्ही तुझ्यापासून लपवली. आपला गुलमोहर गेला. पोळ्याच्या आधी एका दुपारी, वारा नाही, पाऊस नाही, त्याची मोठी फांदी शेजारच्या गुरुपादप्पांच्या भिंतीवर पडली. बुंधा आतून भुसभुशीत झाला होता. मग महापालिकेची माणसं येऊन उरलेलं झाड कापून घेऊन गेली. तुला फोनवर मामांनी फांद्या छाटल्या म्हणून सांगितलं ते खोटं होतं, आणि शेजारी बसून मी हुंकार भरत होते.

माझा दीप गेला तेव्हा त्याच्या अस्थी गोदावरीत सोडायच्या का, असं पाहुण्यांतल्या कुणीतरी विचारलं तेव्हा मामा कसे चिडले होते, तुला आठवत असेल. आपल्यात ती रीत नाही. राख मातीला द्यायची आणि वर झाड लावायचं. पिंपळ लावा म्हणणारेही होते, पण घर बांधलं तेव्हापासून दीप गुलमोहरासाठी मागे लागलेला. लातूरच्या उन्हात जे झाड फुलतं तेच खरं झाड, असं म्हणायचा. राखेचं मडकं मामांनी खड्ड्यात ठेवलं आणि त्यावर रोप तू लावलंस. तुमच्या लग्नाला तेव्हा दीड वर्षही झालं नव्हतं. तुझे हात मातीनं भरले होते आणि तू ते संध्याकाळपर्यंत धुतले नाहीस. मी तुला धू म्हणाले नाही.

त्यानंतरचा उन्हाळा म्हणजे रेल्वेनं पाणी आलं तो. तू अर्ध्या बादलीत अंघोळ करून त्यातलंही वाचवून रोपाला घालायचीस. मी डाळ-तांदूळ धुतलेलं पाणी घालायची, मामा आपल्या प्यायच्या तांब्यातलं. रोज थोडं थोडं, वरच्या वर. गावातली झाडं वाळत होती आणि आपलं रोप तगलं, याचं आपल्या तिघांना किती कौतुक. पण वरच्या वर पाणी मिळायला लागलं तर मूळ खाली कशाला जाईल? ते वरच राहिलं. पुढं झाड पोसलं तशी मुळं जमिनीबाहेर आली, दोरखंडासारखी, फाटकापासून पायरीपर्यंत.

पाऊस पडल्यावर तुझा भाऊ तुला न्यायला आला होता. दबकत दबकत त्यानं तुझ्या पुढच्या आयुष्याचा विषय काढला. मामा उठले, अंगणात गेले आणि त्या कमरेएवढ्या झाडावर हात ठेवून म्हणाले, "हे झाड उभं हाय तवर विशाखा या घरची सून हाय." तू खाली बघून मान हलवलीस. ज्यांनी तुला सून करून आणल्यावर डी.एड.ला घातलं, परीक्षेच्या दिवसांत स्वतः सायकलवर डबा आणून दिला, त्यांना तू नाही कशी म्हणणार होतीस. तू नांदेडला गेलीस ती फक्त नोकरीला. दर वर्षी स्मृतिदिनाला येऊन झाडापुढं मेणबत्ती लावायची, त्रिसरण-पंचशील म्हणायचं, आणि मामांनी झाडाची उंची दाखवायची. दर वर्षी झाड वाढत होतं आणि तुझे केस पांढरे होत होते. हे त्यांना दिसत नव्हतं असं मी म्हणणार नाही. दिसत होतं, पण पोराचं एवढंच काय ते उरलंय म्हणून ते धरून बसले होते.

त्यात त्यांना लॉनची हौस. पाटबंधारे खात्यात जन्म गेला साहेबांच्या बंगल्यापुढची हिरवळ बघण्यात, मग बोअरला पाणी लागल्याबरोबर इथंही हिरवळ पाहिजे. लातुरात लॉन म्हणजे टकल्याच्या घरी कंगवा, असं मी म्हणाले तर बरेच दिवस माझ्याशी बोलले नाहीत. गवत लागलं, पण झाडाखाली धड येईना. जिथं तिथं मुळं. आणि गेल्या वर्षीच्या संक्रांतीनंतर त्याच मुळात पाय अडकून ते पडले आणि खुबा मोडला.

तू रजा काढून आलीस. पोटच्या पोरीनं केलं नसतं असं केलंस, बेडपॅनसुद्धा कुणाला धरू दिलं नाहीस. तिथं दवाखान्यातच एके दिवशी तुला फोन आला. तू उठून बाहेरच्या पायऱ्यांवर गेलीस, आणि मी पाण्याची बाटली भरायला आले होते तर तू हसत होतीस. विशाखा, मी तुझं हसणं विसरून गेले होते गं. दीप गेल्यापासून ते ऐकलंच नव्हतं. कोण आहे ते मी तुला विचारलं नाही. पुढं तुझ्या भावाकडून कानावर आलं, अहमदपूरचे सर आहेत, बायको वारलेली, तुझ्यासाठी थांबलेत. नाव त्यानं सांगितलं नाही.

पण ते हसणं मामांनाही खिडकीतून ऐकू गेलं होतं. एरवी हाका मारून ऐकू येत नाही. तू आत आलीस तसा त्यांनी तुझा हात धरला आणि म्हणाले, "झाड हाय ना गं अजून?" एवढंच. तू हो म्हणालीस. त्या दिवसानंतर तुझा फोन वाजला की तू तो बंद करायचीस. मी हे सगळं बघत होते आणि तोंड दाबून बुक्क्यांचा मार सहन करत होते. मार तुला बसत होता, तोंड मी दाबून धरलं होतं.

घरी आल्यावर मुळांचं काय करायचं हा प्रश्न निघाला. गुरुपादप्पांनी कुऱ्हाड घेऊन माणूसच आणला, अंगणातली तेवढी मुळं तोडून टाकू म्हणाले. मामा बाजेवरून ओरडले, कुऱ्हाड लावायची तर आधी माझ्या दुसऱ्या पायाला लावा. मग झाडाकडे बघून म्हणाले, "लेकराचे पाय उघडे पडलेत. पांघरूण घाला त्येच्यावर."

पांघरूण म्हणजे माती. उन्हाळ्यात तळ्यातला गाळ काढतात, तो आणायचा, सगळी मुळं झाकून अंगण सपाट करायचं आणि वर नवं गवत लावायचं. ट्रॉल्या आल्या. काळा, चिकट, लोण्यासारखा गाळ. बघणारे म्हणत होते, झाड नुसतं उसळून येईल.

मी अर्धापूरची, केळीच्या बागेत वाढलेली. आमच्या वडिलांनी एका वर्षी असाच गाळ शेतात टाकला आणि उरलेला बांधावरच्या आंब्याच्या बुंध्याशी रचला, बिचाऱ्यालाही मिळू दे म्हणून. पुढच्या वर्षी त्याचा मोहर गळाला आणि त्याच्या पुढच्या वर्षी सरपण झालं. माझी आई चांगुणाबाई तेव्हा म्हणाली होती, "मुळाला बी दम घ्यावा लागतो, माय. तोंडावर माती लोटली की माणूस काय आन् झाड काय." मी परकर नेसायची तेव्हा, पण हे वाक्य मी कधी विसरले नाही.

ट्रॉलीवाल्याला चहा द्यायला मी अंगणात गेले. त्यानं विचारलं, काकू, कितपत टाकू? मामा खिडकीतून बघत होते. माझ्यासमोर ती सगळी मुळं होती, त्यांच्याखाली माझा दीप होता, आणि मला काय ऐकू येत होतं माहीत आहे? तू पायऱ्यांवर हसलीस ते. मी त्याला म्हणाले, "टाक. बुंध्यापर्यंत टाक."

आपल्यात कुणी त्या झाडावर कुऱ्हाड चालवली नसती. मीही नाही. ते आपणहून मरायला हवं होतं, आणि ते कसं मरेल हे या घरात मला एकटीला ठाऊक होतं. मी आई आहे. त्याला नऊ महिने पोटात वाढवलं त्या बाईनं हे केलं, असं तुझ्या मनात येईल. येऊ दे. दीप असता तर त्यानं तुला असं बांधून ठेवलं नसतं, एवढं मी माझ्या लेकराला ओळखते.

मरायला त्यानं वर्षापेक्षा जास्त घेतलं. पहिल्या दिवाळीला पानं पिवळी झाली. यंदाच्या उन्हाळ्यात एक फूल आलं नाही. मामांना वाटलं तहानलंय, म्हणून नळी लावून ठेवायला लागले, आणि त्या काळ्या मातीत पाणी मुरेना की आटेना. साल सुटायला लागली तेव्हा ते वॉकर धरून जाऊन ती हातानं परत चिकटवायचे. ते मला बघवत नव्हतं. पण माती काढा, असं मी तेव्हाही म्हणाले नाही.

झाड नेल्यावर त्यांनी खड्डा खणायला लावला, मडकं दुसरीकडे ठेवू म्हणून. नुसती खापरं निघाली. मुळं काळी पडलेली, चोळली की साल हातात येणारी, आणि असा वास की गुरुपादप्पा नाकाला रुमाल लावून गेले. बागेतलं कळणाऱ्या कुणीतरी तिथंच मामांना सांगितलं, साहेब, वरून माती घातल्यानं गेलं हे. तेव्हापासून रोज एकच बोलणं. पांघरूण म्हणून घातलं आन् मीच गळा दाबला. जेवताना थांबतात आणि म्हणतात. त्यांचं हे ओझं मी एका शब्दात उतरवू शकते. पण मग झाड का मारलं ते सांगावं लागेल, तुझं नाव घ्यावं लागेल, आणि त्यांच्या मनात तू लेक आहेस ती राहणार नाहीस. म्हणून त्यांना रडू देते आणि ताट पुढे सरकवते. चाळीस वर्षांच्या संसारात त्यांच्याशी इतकं वाईट मी कधी वागले नव्हते.

आता कशासाठी लिहिलं ते सांगते. या रविवारी स्मृतिदिन. मामा तुला फोन करतील, रडतील, तब्येतीचं सांगतील, लवकर ये म्हणतील. झाडाचं सांगणार नाहीत. त्यांनी नर्सरीतून गुलमोहराचं नवं रोप मागवलंय. त्याच खड्ड्यात, तुझ्याच हातानं लावायचं, असं ठरवून बसलेत. तू आलीस तर नाही म्हणू शकणार नाहीस हे त्यांनाही माहीत आहे आणि मलाही. म्हणून तू येऊ नकोस. या रविवारी नको, पुढच्या वर्षीही नको. झाड उभं होतं तोवरचा शब्द होता, तो तू पाळलास. अहमदपूरच्या सरांना हो म्हण, विहारात चार माणसांत लग्न कर आणि पायऱ्यांवर बसून हसलीस तशी हस. आम्हाला पत्रिका पाठवू नकोस. मामा तुला कृतघ्न म्हणतील, चारचौघांत म्हणतील, आणि मी शेजारी बसून हुंकार भरीन. तो खरा धरू नकोस. रोप पायरीजवळ काळ्या पिशवीत ठेवलंय. रविवारपर्यंत त्याला पाणी घालायचं काम त्यांनी माझ्याकडे दिलंय. मी घालत नाहीये.

तुझीच,
महामाया