जेवणाआधीचं कडू

साउथहॅम्प्टन
१४ मे २००६

ती. शशीआत्यास,
शि. सा. न. वि. वि.

मायन्यात ‘सौ.’ लिहायची हाताला इतकी सवय की आज पेन अडलं. त्या जागी आता जे लिहायचं असतं ते मला लिहवत नाही. म्हणून नुसतं ‘ती.’ लिहिलंय, चालवून घे.

फोनवर तुला धड ऐकू येत नाही आणि तू मात्र सगळ्याला हो हो म्हणतेस, तेव्हा म्हटलं पत्रच बरं. काल कुशचा फोन आला होता. तुझं वजन पुन्हा कमी भरलं म्हणे. श्रीकांतकाकांना जाऊन वर्ष होत आलं आणि तू दुपारी चहा-बिस्किट, रात्री कपभर दूध, एवढ्यावर दिवस काढतेयस. कुशने आता ठरवूनच टाकलंय. ऑक्टोबरच्या चेक-अपला वजन वाढलेलं नसलं तर एजवेअरचं घर विकायला काढायचं आणि तुला रीडिंगला स्वतःकडे न्यायचं. तुझ्या लेकाचा राग करू नकोस. तो घाबरलाय. एकुलता एक आहे, आणि बाबांच्या वेळेला आपण उशिरा पोचलो हे त्याच्या मनातून जात नाही.

पण तुला त्या घरातून हलायचं नाही हेही मला माहीत आहे. चाळीस वर्षं राहिलीयस तिथे. मग आत्या, जेवत का नाहीस गं? दिवसभर वॉर्डात म्हाताऱ्या माणसांना चार घास खा म्हणून विनवते आणि घरच्या माणसापुढे माझं काही चालत नाही, याची मला लाज वाटते.

लोभ माझ्यावर आहेच, थोडा ताटावरही असू दे.

तुझी,
निवेदिता

एजवेअर
२ जून २००६

चि. निवेदितास,
अनेक उत्तम आशीर्वाद. वि. वि.

तुझं पत्र पोचलं. मायना आवडला, तोच ठेव.

डॉक्टरीणबाई, मी काही हट्टाने उपाशी राहत नाही. रोज कुकर लावते. भात होतो, वरण होतं, झाकण काढलं की वास येतो, आणि मी झाकण परत लावते. भूक म्हणून लागतच नाही. कुशला वाटतं मी त्याच्या बाबांसाठी कुढतेय. कुढते तर आहेच, पण कुढणारी माणसं जेवतातच की. माझं काय झालंय ते मलाच कळत नाही. रीडिंगला जायचं मात्र जिवावर येतं. तिथे माळ्यावरची खोली आहे, कार्पेट आहे, सगळं आहे. पण मी उठून गेले तर यांच्या गुलाबांकडे कोण बघणार, आणि मी तरी कोणाकडे बघणार?

आता एक गंमत विचारायची आहे. शेजारची नीना तुला आठवत असेल, ट्युरिनजवळच्या खेड्यातली, आमच्याही आधीपासून या रस्त्यावर राहते. नवरा जाऊन तिलाही बरीच वर्षं झाली. परवा मी कपडे वाळत घालत होते तर कुंपणावरून माझ्याकडे बघत राहिली आणि तिच्या त्या इंग्लिशमध्ये म्हणाली की साड्यांच्या आत कोणी आहे की नाही तेच कळत नाही. मग घरातून एक बाटली घेऊन आली. व्हर्मुथ म्हणतात त्याला. ती घरीच करते, तिच्या सासऱ्यांची कृती. वाइनमध्ये कडू झाडपाला आणि मुळ्या मुरवायच्या. म्हणे यानं भूक खुलते.

आता वाइन म्हणजे दारूच की. मी नको म्हटलं तर फुरंगटून बसली, म्हणून घेतली. रात्री बूच काढून वास घेतला आणि काय सांगू, दवणा! माहेरी चैत्रात देवाला वाहायचो तोच वास. तुझ्या आजीचं देवघर डोळ्यांसमोर उभं राहिलं.

बीपीच्या गोळीबरोबर हे चालतं का तेवढं कळव. कुशला सांगू नकोस. नीट जेवत जा, हे मी कोणत्या तोंडाने सांगू! तरी सांगते.

तुझी आत्या

साउथहॅम्प्टन
८ जून २००६

ती. शशीआत्यास,
शि. सा. न. वि. वि.

पत्र वाचून एवढी हसले की शेजारच्या खोलीतली नर्स डोकावून गेली. माझी सोवळ्यातली आत्या आणि व्हर्मुथ!

तुझं नाक मात्र तिखट आहे. त्यातला मुख्य पाला वर्मवुड, तो दवण्याच्याच जातकुळीतला. त्याच्यात जेन्शन नावाचं मूळ घालतात, तेही आपल्या काडेचिराईताचं नातेवाईक. लहानपणी तुझ्याकडे असताना ताप आला की तू नाक दाबून मला पाजायचीस तेच! जिभेला कडू लागलं की तोंडाला पाणी सुटतं, पोट जागं होतं. आपल्याकडे वैद्यांनी आसवं-अरिष्टं केली, इकडच्या लोकांनी वाइन घेतली, एवढाच काय तो फरक. पुढे त्यांचं औषध गोड होत होत पाहुण्यांपुढे आलं.

तुझ्या गोळ्या मी तपासून पाहिल्या. जेवणाआधी एक लहानसा ग्लास चालेल, त्याच्यावर थेंब नाही. कुशला सांगत नाही. पण लपवालपवी मला जमत नाही, तेव्हा लवकर जाडी हो.

लोभ वाढता ठेव, वजनासकट.

तुझी,
निवेदिता

एजवेअर
२० जुलै २००६

चि. निवेदितास,
अनेक उत्तम आशीर्वाद. वि. वि.

तुझ्या परवानगीने औषध सुरू केलं होतं. काडीचा गुण आला नाही, असं मी तुला लिहिणार होते. पण काल जे झालं ते आधी सांगते.

रोज सकाळी पूजा झाली की मी सिंकपाशी उभी राहून खोकल्याच्या औषधाच्या झाकणाने मोजून ते घ्यायची. नाक दाबून एका घोटात, आणि वर गुळाचा खडा. सकाळी घेतलं म्हणजे दिवसभर जेवणाआधीच झालं की नाही, असा माझा हिशोब. काल नीना मागच्या दाराने आली आणि नेमकी मी नाक दाबलेली! आधी तिला वाटलं मला चक्कर आली. खरं कळल्यावर खुर्चीत बसून हसली, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत, आणि मग जी रागावली! सासऱ्यांनी स्वर्गातून हे बघितलं असेल म्हणाली. संध्याकाळी सहा वाजता माझ्याकडे यायचं, असा हुकूम सोडून गेली.

गेले. तिने मागच्या अंगणात दोन खुर्च्या मांडल्या होत्या. काचेच्या ग्लासात बर्फ, संत्र्याची फोड, त्यावर ते लालसर व्हर्मुथ. बशीत ऑलिव्ह आणि खारे बदाम. ते प्यायचं नसतं गं, त्याच्याबरोबर बसायचं असतं. एक घोट घ्यायचा, ग्लास खाली ठेवायचा, काहीतरी बोलायचं. इतका वेळ नुसतं बसून राहणं मला चोरी केल्यासारखं वाटायला लागलं. स्वयंपाक तर दोघींचाही व्हायचा होता. तिथे मटारच्या शेंगांची टोपली दिसली, ती मी सोलायला ओढली तर नीनाने माझ्या हातातून काढून घेतली. या वेळेला हात रिकामे ठेवायचे असतात, तीच यातली खरी अवघड गोष्ट आहे, असं म्हणाली.

निवेदिता, लग्न झाल्यापासून जेवणाच्या आधी मी कधी बसले नव्हते. हे सातच्या सुमाराला स्टेशनवरून यायचे. त्याआधी माझी नुसती धावपळ, मग गरम पोळ्या, मग वाढणं. भूक लागलीय का असं मी स्वतःला विचारलंच नाही. ते आले की मला भूक लागायची. आता ते येत नाहीत, तर भूक तरी कशाला येईल? काल तिथे बसल्या बसल्या हे मला उमगलं आणि मी तिच्यासमोर रडले. तिने बशी पुढे सरकवली.

आणि मग काय सांगू, पोटात कावळे ओरडायला लागले! घरी येऊन उभ्या उभ्याच मूगडाळीची खिचडी खाल्ली, पण वाडगाभर खाल्ली.

आता रोज सहाला नीनाकडे. मी चकल्या नेते, त्या तिला ऑलिव्हपेक्षा आवडतात. तुझी ख्यालीखुशाली कळव.

तुझी आत्या

साउथहॅम्प्टन
१० सप्टेंबर २००६

ती. शशीआत्यास,
शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र मी बॅगेत घेऊन फिरतेय. मधल्या वेळेत उत्तर गेलं नाही, रागावू नकोस. लागोपाठ ऑन-कॉल होते, आणि मग मैत्रिणींबरोबर फेरीबोटीने फ्रान्सला दोन दिवस जाऊन आले.

तिथे गावच्या चौकात तुझी नीना जागोजाग दिसली. सहा वाजले की फुटपाथवरच्या टेबलांशी माणसं येऊन बसतात. कोणी जेन्शनचं पिवळं कडू पेय घेतं, कोणी बडीशेपेचं, पाणी ओतलं की दुधासारखं पांढरं होणारं. पोटभर कोणी खात नाही, ग्लास लवकर कोणी संपवत नाही. आमच्या हॉटेलातली स्वयंपाकीणबाई पण अ‍ॅप्रन सोडून येऊन बसली, आणि तिला कोणी घाई केली नाही. मला तू आठवलीस. मग मीही आठवले. वॉर्डातल्या कपाटापाशी उभ्याने सँडविच खाऊन मी किती वर्षं काढली, ते तिथे लक्षात आलं.

कुशला मात्र आता तूच सांग. त्याला दुसरीकडून कळलं तर भलताच अर्थ काढेल.

लोभ आहे, त्यात तसूभर कमी होऊ देऊ नकोस.

तुझी,
निवेदिता

एजवेअर
१ ऑक्टोबर २००६

चि. निवेदितास,
अनेक उत्तम आशीर्वाद. वि. वि.

तू म्हणालीस तेच झालं.

गेल्या आठवड्यात नीनाची पुढच्या वर्षाच्या व्हर्मुथची तयारी चालली होती. तिच्या परसातला तो राखाडी पाला, जेन्शनची मुळी, संत्र्याची साल, दालचिनी, लवंग हे सगळं तिने कडक स्पिरिटमध्ये भिजत घातलं होतं. रोज बरणी हलवायची. वेलदोडे तिच्याकडचे अगदी भुसा झालेले, ते मी टाकायला लावले आणि माझ्या डब्यातले घातले. परवा ते गाळून गोड पांढऱ्या वाइनमध्ये मिसळायचं होतं, रंगाला जाळलेली साखर, आणि मग काही आठवडे मुरत ठेवायचं. गाळायला मऊ फडकं हवं होतं. घरात यांचं पूजेचं जुनं धोतर होतं. मी क्षणभर थांबले आणि आणलं. यांना कळलं असतं तर पोट धरून हसले असते.

शेवटी चव बघायला म्हणून आम्ही दोघी माझ्या स्वयंपाकघरात ग्लास घेऊन बसलो, आणि कुश न सांगता आला. टेबलावर बाटल्या, घरभर स्पिरिटचा वास, आईच्या हातात ग्लास, आणि बाबांचं धोतर तांबडं झालेलं. तो ओरडला नाही, ओरडला असता तर बरं झालं असतं. नीना गेल्यावर एवढंच म्हणाला की ही सगळी त्याचीच चूक, मला एकटं ठेवायलाच नको होतं. वजन थोडं वाढलंय हे मी सांगितलं, ते त्याच्या कानापर्यंत गेलंच नाही. नऊ तारखेला, सोमवारी, घर बघायला एजंटला बोलावलंय त्याने.

तू त्याला फोन करू नकोस. डॉक्टर म्हणून तू सांगशील आणि तो ऐकेलही, पण मग ते तुझं ऐकणं होईल, माझं नाही. मी त्याला शनिवारी जेवायला बोलावलंय. सहा वाजता.

तुझी आत्या

एजवेअर
८ ऑक्टोबर २००६

चि. निवेदितास,
अनेक उत्तम आशीर्वाद. वि. वि.

कुश काल सहाला आला. कपाळावर आठ्या, हातात मोबाइल. मी त्याला खुर्चीत बसवलं. गाडी चालवायची म्हणून त्याला संत्र्याचा रस आणि बर्फ, मला माझा ग्लास, मध्ये चकल्या. आणि त्याच्यासमोर मी बसले. पोळ्या आधीच करून फडक्यात गुंडाळून ठेवल्या होत्या. माझ्या घरात पोळी गार वाढायची, हे पाप मी काल पहिल्यांदा केलं.

उठून काहीतरी करावं असं मला सारखं वाटत होतं. मग त्याने मोबाइल खिशात ठेवला आणि स्वतःच बोलायला लागला. बाबा आले की जिन्याच्या पायरीवर बसून बूट काढताना ऑफिसमधल्या साहेबाची नक्कल करायचे, ते मला आठवतं का म्हणून विचारलं. मला आठवत नव्हतं. मी तेव्हा आत तव्याशी असायची. मग त्याने मला ती नक्कल करून दाखवली. हे गेल्यापासून आम्ही मायलेक यांच्याबद्दल बोललोच नव्हतो. काल एवढं बोललो की बर्फ वितळून पाणी झालं.

मग भूक लागली, दोघांनाही. मी सगळी भांडी टेबलावरच आणली, दोन ताटं मांडली आणि त्याच्यासमोर बसून पोळीचा पहिला घास घेतला. कुश जेवायचा थांबला. माझ्याकडे बघतच राहिला. मला वाटलं आमटी खारट झाली. विचारलं, तर म्हणाला की तो छत्तीस वर्षांचा झाला आणि त्याने आईला जेवताना कधी पाहिलेलं नाही. पोळी घेऊन येणारा हात तेवढा त्याला ठाऊक. जेवण झालं की तो वर अभ्यासाला जायचा. मी नंतर जेवले का, काय जेवले, उभ्याने की बसून, त्याला माहीतच नाही. आणि अशा मुलाने आई जेवत नाही म्हणून तिचं घर विकायला काढलं, असं म्हणून तो ताटावरच रडायला लागला.

मी त्याच्या पाठीवरून हात फिरवायला उठणार होते. त्याने मला बस म्हटलं. स्वतः उठला, डोळे पुसले, आणि भाताचा डाव माझ्या ताटात रिकामा केला. मग आणखी एक. बिचाऱ्याला अंदाज नव्हता, कधी कोणाला वाढलेलंच नाही. एवढा भात मी जन्मात कधी एका वेळी खाल्ला नाही.

एजंटला त्याने आज सकाळीच नको म्हणून कळवलं. पुढच्या शनिवारी तो परत येतोय. तूही ये. लोभ आहेच, पोटभर आहे.

तो भात मी सगळा संपवला, आणि तो शेवटपर्यंत बघत होता.

तुझी आत्या