टेकडीवरचा चकवा

मुलुंड कॉलनी,
१९ जानेवारी २०२५

प्रिय प्रांजल,

अनेक आशीर्वाद. पत्र बघून दचकू नकोस, आम्ही दोघं धडधाकट आहोत. फोन का नाही केलास म्हणशील, तर घरात माझा फोन वाजला तरी उचलतात तुझे बाबा, आणि माझे मेसेज मोठ्याने वाचून दाखवायची त्यांना भारी हौस. म्हणून हा खटाटोप.

समोरच्या माधुरीने कुत्रा आणलाय. झोपतो मात्र आपल्या पायपुसण्यावर. तुझ्या सासूबाईंचा गुडघा कसा आहे? शेक घेतात ना?

बाबांनी नवं खूळ काढलंय. फोनमध्ये कसलंसं अ‍ॅप आहे. बटण दाबलं की ते नकाशावर जवळपासची कुठलीही एक जागा काढून देतं, आणि आपण तिथे जायचं. कशाला? तर उगाच. गुरुवारी जागा निघाली कॉलनीमागच्या टेकडीवर, ऐन झाडीत. मी म्हटलं, "अहो, तिथे बिबट्या फिरतो." तर म्हणाले, "त्याच्याकडे पण हेच अ‍ॅप असेल." अशा माणसाशी काय डोकं लावणार? मीही गेले मागोमाग.

फोन म्हणतो डावीकडे वळा, आणि डावीकडे करवंदीची जाळी. माझी ओढणी फाटली. शेवटी पोचलो तर काय, एक झाड, वेफर्सची रिकामी पाकिटं आणि कुणाची तरी तुटकी चप्पल. बाबा मात्र परीक्षेत पास झाल्यासारखे खूश.

परत निघालो आणि फोनची बॅटरी संपली. मला काहीच वाटलं नाही. तू शाळेत होतीस तेव्हा दर रविवारी ते तुला याच पायवाटेने न्यायचे. पण बाबा उतरायचं सोडून वर वळले. मग आडवे गेले. फिरून पुन्हा त्याच झाडापाशी. मला हसूच आलं. म्हटलं, चकवा लागला! तुझी आजी सांगायची, "चकवो लागलो तर धावू नको, बसान रव." मी त्यांना दगडावर बसवलं, रानाच्या राखणदाराला हात जोडले, नारळसुद्धा कबूल केला. आपण गावची माणसं, जंगलात शिरल्यावर हे आपसूक होतं.

पण प्रांजल, तिथून खाली सगळी कॉलनी दिसत होती. आपल्या बिल्डिंगची गच्ची, तिच्यावरची निळी टाकी, सगळं. बाबांनी खूप वेळ बघितलं आणि मला विचारलं, "ह्यातली आपली बिल्डिंग खंयची गो?"

दूध उतू गेलं, उठले होते. काय लिहीत होते?

हे पहिल्यांदा झालेलं नाही. दिवाळीनंतर दूध आणायला गेले आणि सी विंगमधल्या एका घराची बेल वाजवत उभे राहिले. त्या बाईने दार उघडलं तर तिलाच विचारलं, तू आमच्या घरात काय करतेस? मी सगळ्यांना चष्म्याचा नंबर वाढलाय म्हणून सांगितलं. स्वतःलाही तेच सांगत आले. चष्मा नाही तर चकवा. खरं नाव घ्यायला जीभच रेटत नव्हती.

त्यांना मात्र सगळं ठाऊक आहे. तिथे दगडावर बसूनच बोलले. "अनोळखी जागेर वाट चुकली तर कोण हसणा नाय, शकु. म्हणान मी जातंय. सराव करतंय गो. फोन बघून घराक येवक जमला तर तुका त्रास नाय." मग म्हणाले, "प्रांजलाक सांगू नको." मी हो म्हटलं नाही, नाहीही म्हटलं नाही. त्यांचा हात धरला आणि उतरले. एवढ्या वर्षांच्या संसारात आम्ही रस्त्याने कधी हातात हात घालून चाललो नाही. गेटवर माधुरी भेटली, तरी त्यांनी हात सोडला नाही.

तेव्हापासून माझा जीव थाऱ्यावर नाही. ते बाथरूममध्ये गेले तरी मी दाराशी घुटमळते. पुढच्या आठवड्यात डॉक्टरांची वेळ घेतली आहे. ते जे सांगतील ते एकटीने ऐकायचं बळ माझ्यात नाही.

तू पाडव्याला येते म्हणाली होतीस. तोपर्यंत थांबू नकोस. काहीही कारण सांग, कंपनीचं काम आहे म्हण, पण आत्ता ये. अजून दिवसातून दोनदा तरी ते तुझं नाव घेतात. जोवर ते तुला बघून नावाने हाक मारतील, तोवर ये.

तुझी,
फार घाबरलेली आई