लोटनभाऊची घागर

॥ श्री ॥
एरंडोल, ६ एप्रिल १९८६

ती. अक्कास,
शालिग्रामचा सा. न. वि. वि.

इकडे सर्व ठीक. दाजींना नमस्कार. तुम्ही गुडघ्याला तेल चोळत असालच. नसाल तर तुमच्या सुनेला वेगळं पत्र टाकतो. माझ्या नातीचं, कुंदाचं, लग्न साक्रीकडच्या स्थळी ठरलं. पोरगा शांत आहे, त्याची आत्या भिकुबाई मात्र त्याच्या वाटचंही बोलते.

साखरपुड्याला तिने धुरपदावहिनीच्या कपाळाचं कुंकू पाहिलं आणि सगळ्यांदेखत विचारलं की, या बाईंचे मालक कुठे बसलेत? मग तिने हसत हसत बजावलं की, हळदीचा पहिला हात कोणाचा, ते आधी ठरवून घ्या. कुंदाला पाळण्यापासून वहिनीने वाढवलं. पहिला हात तिचाच, हे घरात सगळे धरून चालले होते.

वहिनीचं कुंकू लोटनभाऊच्या नावाचं; आपला भाऊ रंगूनच्या लढाईत बेपत्ता झाला, त्याला चव्वेचाळीस वर्षं होतील. आपले आबा होते तेव्हा दर वैशाखात आखाजीच्या तिजेला पितरांच्या घागरी भरताना एक त्याच्या नावाची काढायचे, आणि वहिनी ती उचलून परत ठेवायची. एवढंच म्हणायची, "जित्ता माणूसले घागर कसाले?" गाव म्हणतं त्याने तिकडे दुसरी केली. आपण म्हणतो, बाईची आशा मोठी. पण आशेवर हळद लावता येते का, हे मला कळत नाही.

तुम्ही मागच्या कार्डात लिहिलं होतं की, लोटनभाऊच्या पलटणीतला सुकदेव इतकी वर्षं आसामात चहाच्या मळ्यावर होता, तो आता मुलाजवळ धुळ्याला आलाय. त्याला एकदा विचारून पाहावं. आहे की नाही, एवढं कळलं तरी पुरे.

लोभ आहे तो उन्हाळ्यातही आटू देऊ नये.
आपला,
शालिग्राम

॥ श्री ॥
धुळे, २२ एप्रिल १९८६

चि. शालिग्रामास,
बेबाअक्काचे अ. उ. आ.

तुझं पत्र लागायला दोन दिवस गेले. कागदावरून कोंबड्या हिंडून गेल्यासारखं अक्षर आहे. नातजावई यायच्या आत सुधार.

सुकदेवाकडे जाऊन आले. म्हातारा बरा आहे, दात नाहीत, बशीत चहा घेतो. मी लोटनची बहीण म्हटल्यावर त्याने बशी खाली ठेवली ती ठेवलीच.

तो सांगतो, रंगून सोडायचं ठरलं तेव्हा बंदरातली यंत्रं उडवायचं काम यांच्या टोळीकडे होतं. ते उरकून शेवटच्या आगबोटीवर चढायचं. आगबोट खोल पाण्यात, धक्क्यावरून तिच्यापर्यंत होडी माणसं नेत होती. पाण्याला ओढ फार. धक्क्यावर दोर धरायला माणसं लागत, त्यात आपला लोटन. साहेबाने दोरवाल्यांना सांगितलं, तुमच्यासाठी होडी परत येते, इथेच थांबा. सुकदेव त्या होडीत होता. ती आगबोटीला लागली, माणसं चढली, होडीही वर ओढून घेतली आणि आगबोट हलली. यांनी आरडाओरड केली, कोणी ऐकलं नाही. तिकडे धक्क्यावरची माणसं पळाली नाहीत. वळकट्या खांद्याला लावून रांगेत उभी राहिली, सांगितलं होतं म्हणून. मग धूर आडवा आला.

पुढचं त्याला ठाऊक नाही. मी दुसऱ्या बाईचंही विचारलं, उगाच मनात राहायला नको. तो म्हणाला, अक्का, तिथे भाकर खायला फुरसत नव्हती.

तेव्हा तुझ्या प्रश्नाला उत्तर नाही. शेवटचं ज्याने पाहिलं, त्याने जिवंत पाहिलं. भिकुबाईला हवं तर हेच सांग आणि धुरपदाला हळद लावू दे. लोटन माझ्या पाठचा. त्याच्याबद्दल इथे आणखी लिहीत नाही. गुडघ्यामुळे यंदा आखाजीला माहेरी येणं होत नाही, लग्नाला मात्र येते.

सुनेला आशीर्वाद, तुला थोडा राग, थोडी माया.
तुझी,
अक्का

॥ श्री ॥
एरंडोल, १४ मे १९८६

ती. अक्कास,
सा. न. वि. वि.

तुमचं पत्र मी घरात मोठ्याने वाचलं. वहिनी कुरडयांचा चीक घाटत होती. तिने धक्क्याचा मजकूर पुन्हा वाचायला लावला. मग विचारलं, होडी परत उनी का? मी म्हटलं, नाही. त्यांना थांबायला सांगितलं होतं का? हो म्हटलं. ती पुन्हा घाटायला लागली. मला वाटलं, मिटलं. पहिला हात वहिनीचाच, असा मी साक्रीला निरोपही धाडला.

आखाजीला सकाळी पाहतो तो वहिनी कुंभाराकडून नवी घागर घेऊन आलेली. पितरांच्या घागरींशेजारी ती मांडली, स्वतः भरली, वर डांगराचं फळ ठेवलं, सांजोरी ठेवली. कपाळ पुसलेलं, बांगड्या काढलेल्या. सून रडायला लागली. मी रागावलो, अक्का. म्हटलं, वहिनी, हळद महिन्यावर आलीय, घागर पुढल्या आखाजीला भरता आली असती.

ती बसली आणि बोलली. तिची आशाबिशा काही नव्हती. लोकांचं ऐकून तिने इतकी वर्षं भाऊवर राग धरला होता. दुसरीचा संसार करतोय ना, मग त्याला आपल्या हातचं पाणी कशाला, म्हणून ती घागर परत ठेवायची. आता दुसरी नव्हतीच म्हटल्यावर, जिवंत असता तर तो घरी आलाच असता. आपण तिला काय समजत होतो आणि ती काय होती.

शेवटी म्हणाली, "त्यास्नी माले सोडेल नव्हतं. त्यासलेच सोडेल व्हतं. आते आखो एक वरीस तान्हा ठेवू का?"

खरंच, तहानलेल्याला आणखी वर्षभर थांब कसं म्हणायचं?

कुंदा दोन दिवस तिच्याशी बोलली नाही. काल तिच्याकडूनच वेणी घालून घेतली. हळकुंडं वहिनीने निवडून ठेवलीत. पहिला हात बेबाअक्काचा, असं लिही, म्हणून तिनेच हे पत्र लिहायला बसवलं. हळदीच्या आदल्या दिवशी सकाळच्या मोटारीने यावं. मी स्टँडवर थांबतो.

माया आहेच, ती घेऊनच यावं.
आपला,
शालिग्राम