झाड, कौल आणि वीतभर जमीन

मी, गोत्सोन लारिनागा, वय चौऱ्याहत्तर, राहणार सेस्ताओ, पोलादाच्या भट्टीवरचा निवृत्त वेल्डर, हे स्वतःच्या हाताने, कुणाच्याही दबावाशिवाय लिहीत आहे. फुप्फुसं गेली आहेत, डोकं जागेवर आहे. डॉक्टरांनी नाताळपर्यंतची मुदत दिली. ऐकून काही वाटलं नाही. माझी बायको एदुर्ने गेली तेव्हाही काही वाटलं नव्हतं. ही तक्रार नाही, नोंद आहे. आमच्या बिस्काया प्रांताच्या जुन्या कायद्याप्रमाणे मरणाच्या दारातला माणूस तीन साक्षीदारांपुढे मृत्युपत्र करू शकतो, तसं हे करतो.

एक. राहतं घर, बँकेतली शिल्लक आणि नदीकाठची शेड माझी मुलगी नेकाने हिला. तिने माझं सगळं केलं, आणि करताना बडबड केली नाही.

दोन. भट्टीच्या भंगारातून मी एकेचाळीस शिल्पं केली. त्यांतली चाळीस नेकानेने हवी त्याला द्यावीत. त्यांना नावं देऊ नयेत. बिल्बाओच्या एका साहेबांनी एकाला ‘विषाद’ म्हटलं. क्रेनचं दातेरी चाक आणि दोन झडपा आहेत त्या, विषाद कुठला आलाय! एदुर्ने बरी. ती विचारायची, "गोत्सोन, हे आहे तरी काय? घोडा की चूल?" मी म्हणायचो, "काही नाही." "मग एवढा घाम कशाला गाळतोस, मेल्या?"

तीन. वेल्डिंगचं यंत्र आणि मुखवटा तंत्रशाळेला. ग्राइंडर कुणालाही देऊ नये, मोडीत घालावा. माझा दोस्त चोमिन याला काही देत नाही, कारण साक्षीदाराला काही मिळत नसतं. नाहीतरी पत्त्यांत त्याने मला चाळीस वर्षं लुबाडलं आहे.

चार. माझा मुलगा उनाई. आमच्या कायद्यात मुलाला वाट्यातून वगळता येतं, पण वगळताना जुन्या रीतीने त्याच्या नावावर तीन गोष्टी लिहितात: सर्वांत लांबचं, न फळणारं एक झाड, एक कौल आणि वीतभर जमीन. मी त्याला वगळतो. चौदा वर्षांपूर्वी सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असं मी ते बोललो होतो, आणि बोललेलं मागे घ्यायची आमच्या घरात पद्धत नाही.

घडलं ते असं. भट्टी बंद पडली, ती तोडायला ठेकेदार आला, आणि उनाई त्याच्याकडे गॅसच्या ज्योतीने लोखंड कापायच्या कामाला लागला. आम्ही जेवायला बसलो होतो. मी म्हणालो, "जिच्या जिवावर वाढलास, तिचे तुकडे करणार? लाज नाही वाटत?" तो म्हणाला, "बाबा, ती मेलीय. मी नाही कापली तर दुसरा कापेल, आणि वेडीवाकडी कापेल." मी त्याची राजम्याची ताटली उचलून कचऱ्यात रिकामी केली. तो उठून गेला. तेव्हापासून बोलणं नाही. एदुर्नेच्या मयतीला तो दफनभूमीच्या फाटकापाशी उभा राहिला, मी आत.

भट्टी तुटू लागल्यावर मी दर गुरुवारी भंगाराच्या वखारीत जायचो. वखारवाला सेगुंदो भट्टीचा काही माल माझ्यासाठी बाजूला काढून ठेवायचा. "उस्ताद, हे तुमचं." चांगले तुकडे, कुठे पीळ नाही, भोकं शाबूत. वाटलं, भला माणूस आहे. दुसऱ्याच गुरुवारी मी कापाची कड नीट पाहिली. शेवटाला वर वळलेला बारीक आकडा. उनाई डावखुरा, ज्योत काढून घेताना त्याचा हात असा उचलला जातो. काम शिकवताना मी त्यावरून त्याला काय काय बोललो होतो! कड पाहून कापणारा कोण ते भट्टीवरचा कुणीही सांगेल.

मी सेगुंदोला विचारलं नाही, त्याने सांगितलं नाही. भट्टी तोडायला दोन वर्षं लागली. दोन्ही वर्षं मी तो माल उचलला आणि चाळीस शिल्पांची प्रत्येक कड ग्राइंडरने घासून सपाट केली. लोकांनी त्या गुळगुळीत कडांची तारीफ केली. मी ऐकून घेतली. हे मी पूर्ण शुद्धीत केलं आणि ते चुकलं.

पाच. तर उनाईला तीन गोष्टी. झाड: एदुर्नेच्या माहेरच्या उतारावरचा शेवटचा अक्रोड, त्याला कधीच फळ धरलं नाही. कौल: शेडच्या छपरावरचं, दाराच्या वरचं, तडा गेलेलं. जमीन: शेडमागच्या अंगणात एकेचाळिसावं शिल्प उभं आहे, त्याच्या पायाखालची वीतभर. वकीलबाईंना विचारलं आहे. जमिनीत पक्कं रोवलेलं असेल ते जमिनीच्या मालकाचं. एका संग्रहालयाला ते शिल्प हवं आहे, तर त्यांनी उनाईला विचारावं. शिल्पाच्या एकाही कडेला मी ग्राइंडर लावलेला नाही. कधी कापायचं झालंच, तर उनाईनेच कापावं.

शिल्प साडेतीन मीटर उंच आहे आणि एकाच पायावर आहे. चोमिन रोज म्हणायचा, "अरे, पडेल ते. पाय रुंद कर." मी केला नाही.

हे सर्व मी साक्षीदारांना वाचून दाखवलं. सेगुंदो म्हणाला, "म्हणजे तुम्हाला ठाऊक होतं, उस्ताद?" मी म्हणालो, "सही कर." गुत्तेवाल्या गार्बिन्येने विचारलं, "वीत कुणाच्या हाताची धरायची?" पुढे वाद नको, म्हणून लिहून ठेवतो. उनाईच्या. त्याचा जुना हातमोजा शेडमध्ये खिळ्याला टांगलेला आहे. शिल्पाचा पाय त्यावरूनच मापून घेतला होता.

सही: गोत्सोन लारिनागा

साक्षीदार:
१. चोमिन उरीआर्ते, निवृत्त क्रेनचालक
२. गार्बिन्ये एचाबे, दारूच्या गुत्त्याची मालकीण
३. सेगुंदो रेकेहो, भंगारवाला

ठिकाण: सेस्ताओ, शेडमध्ये
तारीख: १४ नोव्हेंबर २०११